शिळं पाणी

"बिना मच्छी के भी रोज चुटकीभर दाना डालना." क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका म्हाताऱ्या चाचांनी हे वाक्य म्हटलं तेव्हा मी हसले होते. त्यांच्या तोंडावर नाही, पण पाठ वळल्यावर हसले, आणि ते हसणं नंतर कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. मे महिन्यातला शनिवार होता, सईची सुट्टी सुरू होती, आणि चौथीचा निकाल लागला की फिश टँक आणायचा हे मी तिला दिवाळीपासून कबूल केलं होतं. दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, एअर पंप, निळे-पांढरे खडे, प्लास्टिकची दोन झाडं, सगळं चाचांच्या दुकानातून घेतलं, पैसे दिले, आणि मग सई म्हणाली आता मासे. चाचांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, टंकी आज लगाओगे ना? मी हो म्हटलं. "तो मच्छी आज नहीं दूंगा. महिनाभर टंकी चलाओ, फिर आना." आणि वर ते दाण्याचं वाक्य. रिकाम्या टाकीत रोज खाणं टाकायचं! मला वाटलं वय झालंय, काहीतरी बोलतायत. सईचा चेहरा तर पडलाच होता, तिनं माझा हात असा घट्ट धरला की मला त्या उन्हात, त्या पोपटांच्या आणि कोंबड्यांच्या कलकलाटात दुसरं काही सुचलंच नाही. चार दुकानं सोडून पलीकडे एक जण होता, तो म्हणाला काही होत नाही मॅडम, पाणी भरा, अँटिक्लोरीनचे थेंब टाका, अर्ध्या तासानं मासे सोडा. मला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकवलं आणि मी पाच गोल्डफिश घेतले. तीन केशरी, एक रेड कॅप, आणि एक काळा मखमली, बाहेर आलेल्या डोळ्यांचा, ज्याचं नाव टॅक्सीतच डोळ्या पडलं.

टॅक्सीवाल्यानं डिकीत स्वतःचा टॉवेल अंथरून त्यावर टाकी ठेवली. माशांची पिशवी सईच्या मांडीवर, ऑक्सिजन भरून टम्म फुगलेली, तोंडाला रबरबँडचे वेढे. क्रॉफर्ड मार्केट ते भांडुप, शनिवारचं ट्रॅफिक, आणि ती अख्खा वेळ दोन्ही हातांनी पिशवी तोलत बसली होती, ब्रेक लागला की "सॉरी सॉरी" म्हणायची, माशांना. ते आठवलं की अजून पोटात कसंतरी होतं.

संध्याकाळी टाकी लागली. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे सोडले, वरचा लाइट लावला, आणि आमचा तो साधासा हॉल एकदम वेगळाच दिसायला लागला. आई खुर्ची ओढून समोर बसली. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ कुठे बसवत नाही, पण त्या दिवशी मालिका सोडून तासभर बसली. म्हणाली, "पाणी किती नितळ आहे गं." आईनं पाण्याला दिलेली ही सगळ्यात मोठी पदवी. कारण आईचं आणि पाण्याचं नातं वेगळं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आम्ही लालबागच्या चाळीतले. पहाटे साडेचारला पाणी यायचं, तास-सव्वा तास, आणि आईचा दिवस घड्याळानं नाही तर नळानं सुरू व्हायचा. आधी नळात हवेचा फुरफुर आवाज, मग खोकल्यासारखे दोन-तीन उबाळे, मग धार. तो आवाज झोपेत ऐकू आला की मी कूस बदलायचे आणि आई उठायची. पण भरण्याच्या आधी एक काम असायचं, कालचं ओतायचं. पिंपात, कळशीत, माठात जे काही उरलं असेल ते शिळं, ते मोरीत, झाडांना, जिन्यावर, पण भांड्यात नाही. "शिळ्यावर ताजं ओतायचं नाही, सगळंच शिळं होतं." मग भांडं आतून हात फिरवून घासायचं, बुळबुळ लागता कामा नये. तळाला हात घालून बोटं एकमेकांवर चोळून बघायची ती, आणि जरा जरी निसरडं लागलं तरी परत चिंच नि राख. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तुरटीचा खडा पाण्यात चार वेळा फिरवायचा आणि तासाभरानं तळाशी बसलेला गाळ बघून तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणाचं खोटं पकडलंय. त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जणं कधी पाण्यानं आजारी पडलो नाही, हे ती अजूनही सांगते आणि तिचा तो हक्कच आहे.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तशी दोन वर्षं ती आमच्याकडे आहे. इथं चोवीस तास नळाला पाणी, तरी रोज पहाटे उठून दोन बादल्या आणि एक हंडा भरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ओतून परत भरते. यावरून माझं तिचं खूप वाजलंय. मी म्हणायचे, आई, शंभरेक किलोमीटरवरून येतं गं हे पाणी, भातसाहून येतं, तू बादलीच्या बादली ओततेस. सईला शाळेत सात तलावांची नावं पाठ करायला होती तेव्हा तर मी मुद्दाम आजीसमोर तिच्याकडून म्हणून घेतली होती, विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. विहार १८६० सालचा, म्हणजे आमच्या चाळीच्याही कितीतरी आधीचा. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बादली ओतली.

आणि खरं सांगायचं तर मी तिचीच मुलगी. माझ्या घरात भांड्याला बुळबुळ लागलेली मला चालत नाही.

तर रविवार-सोमवार छान गेले. सई दिवसातून चार-पाच वेळा खाणं टाकत होती, मीही टाकत होते, आईही चिमूटभर टाकत होती, प्रत्येकीला वाटत होतं आपणच टाकतोय. सोमवारी संध्याकाळी दोन मासे खाण्याकडे आलेच नाहीत. मंगळवारी सकाळी पाणी दुधाळ दिसायला लागलं, तांदूळ धुतल्यावर दुसऱ्या पाण्याला जो रंग येतो ना, तसा. एक केशरी मासा कोपऱ्यात तळाशी बसून होता, शेपटी मिटलेली, वरचा पर अंगाला चिकटलेला, आणि डोळ्या मधूनच खड्यांवर अंग घासून झपकन वळायचा. मला वाटलं घाण झालीय, साफ करायला हवं. ऑफिसमधून आले, पर्स टाकली आणि कामाला लागले. मासे टपात काढले, टाकी पूर्ण रिकामी केली, खडे चाळणीत घालून नळाखाली खळाखळा धुतले, काच आतून स्क्रबरनं घासली, आणि तो स्पंज, तीन दिवसात त्याला हलकासा तपकिरी रंग आला होता, तो नळाच्या धारेखाली पिळून पिळून असा स्वच्छ केला की नवा वाटावा. मग नळाचं ताजं पाणी, अँटिक्लोरीनचे थेंब अंदाजानं. आदल्या रविवारीच सोसायटीच्या टाक्या धुतल्या होत्या आणि दोन दिवस पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता, तो मला हात धुताना आला होता, प्यायच्या पाण्यात आला होता, पण टाकी भरताना तो वास माझ्या लक्षातच आला नाही. म्हणजे आला असेल, पण स्वच्छतेचा वास म्हणूनच आला.

पाणी इतकं नितळ होतं की टाकीत पाणी आहे हेच कळत नव्हतं.

रात्री तीनला मी पाणी प्यायला उठले. हॉलमध्ये अंधार, पंपाची घुरघुर, आणि तिच्यात मिसळलेला एक दुसराच आवाज. चप्, चप्, चप्. बारीक, ओला, थोड्या थोड्या वेळानं. मी लाइट लावला. पाचही मासे पाण्याच्या वरच्या रेषेला, तोंडं उघडी, जणू पाण्यातून बाहेर यायला बघतायत. तोंड पृष्ठभागावर उघडायचं, मिटायचं, त्याचा तो आवाज. कल्ले इतके जोरात हलत होते की मोजता येईनात. डोळ्या तिरका झाला होता, एका बाजूला कलून वर येत होता आणि परत कलत होता. मी खुर्ची घेऊन बसले. काय करायचं ते कळेना. पाणी बदलू? आत्ताच तर बदललंय. खाणं? औषध? एवढ्या स्वच्छ पाण्यात यांना श्वास का येत नाहीये? माणूस आजारी असला की निदान विचारता येतं, कुठे दुखतंय, इथं काचेला नाक लावून बसण्यापलीकडे काही हातात नव्हतं. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालयात असंच काचेला नाक लावून उभी राहिले होते ते आठवलं, तो हिरवट अंधार, काचेवर सगळ्या पोरींच्या श्वासाची वाफ, बाई मागून ओढतायत पुढे चला पुढे चला. १९५१ सालचं ते मत्स्यालय, २०१५ मध्ये पुन्हा नव्यानं उघडलं होतं, सईला नेऊ नेऊ म्हणत राहिलं आणि मग ते बंदच झालं. कदाचित म्हणूनही मला घरात टाकी हवी होती, सईपेक्षा मला जास्त. त्या वेळी कधी वाटलं नव्हतं की काचेच्या त्या बाजूला कुणाला तरी हे सगळं रोज सांभाळावं लागत असेल.

गुरुवारी पहाटे एक केशरी मासा गेला. आईनं पाहिला आधी. तिनं मला उठवलं, सईला नाही. पण सई उठलीच. ती रडली नाही, तिनं विचारलं, "मम्मा, परवा तर आपण सगळं क्लीन केलं होतं ना?" जास्वंदीच्या कुंडीत आम्ही त्याला पुरला. आईनं वर हळदीची चिमूट टाकली, का ते मी विचारलं नाही. स्टेशनजवळच्या दुकानदारानं निळं औषध दिलं, ते टाकल्यावर सगळी टाकी शाईसारखी झाली, काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळं झालं ते अजून तसंच आहे. शुक्रवारी दुसरा केशरी मासा गेला, त्याच्या शेपटीत लाल रेषा उमटल्या होत्या, केसासारख्या. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. पन्नास-साठ रुपयांच्या माशासाठी कुणी रडतं का, असं मैत्रीण म्हणाली, प्रेमानंच म्हणाली. पण मला त्या माशाचं जितकं वाईट वाटत होतं तितकंच त्या वाक्याचं वाटत होतं. एकानं आपल्याला सांगितलं होतं. गिऱ्हाईक हातचं घालवून सांगितलं होतं. आणि आपण हसलो.

शनिवारी एकटीच गेले. पाण्याच्या बाटलीत टाकीतलं निळसर पाणी भरून घेतलं होतं. वाटलं होतं चाचा ओळखणार नाहीत, किंवा ओळखून चार शब्द ऐकवतील, मी त्याची तयारी करूनच गेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि फक्त विचारलं, "कितने बचे?"

तीन, मी म्हटलं.

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. पाणी निळं असल्यामुळे तपासणीचा रंग नीट दिसणार नाही म्हणाले, तरी बघू. गल्ल्याखालून एक डबा काढला, त्यात काचेची बोटभर नळी, रेषेपर्यंत पाणी भरलं, एका बाटलीतून आठ थेंब, दुसरीतून आठ थेंब, ओठ हलवत मोजत. झाकण लावून हलवलं आणि पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत दोन गिऱ्हाइकं झाली, एका मुलाला फायटर हवा होता, एक जण कबुतरांचं खाणं विचारून गेला. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर अमोनिया, असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या नळीचं हिरवं निळ्यामुळे किती खरं ते कळत नव्हतं, पण ते गडद होत गेलं, पावसात भिंतीवर येतं तसं शेवाळी. चाचांनी मान हलवली. मग म्हणाले, पानी दिखता साफ है, पर नया है. नया पानी मच्छी का दुश्मन.

त्यांनी मला हिंदीत आणि मध्येमध्ये त्यांच्या मराठीत जे समजावलं आणि नंतर रात्री मी मोबाइलवर जे वाचून काढलं ते असं की मासा कल्ल्यांतूनच अमोनिया बाहेर टाकत असतो, शिवाय त्याची घाण आणि न खाल्लेलं खाणं कुजून आणखी होतो. हा अमोनिया दिसत नाही, पाणी काचेसारखं असलं तरी असतो, आणि त्यानं कल्ले आतून भाजतात. जुन्या, चालत्या टाकीत स्पंजवर, खड्यांवर, काचेवर एक बुळबुळीत थर असतो, त्या थरात बॅक्टेरियांची वस्ती असते. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट थोडं थोडं पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत ही वस्ती नसतेच, ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून रिकाम्या टाकीत रोज दाणा टाकायचा, तो कुजतो, त्याचा अमोनिया होतो, आणि मासे येण्याआधी बॅक्टेरियांची वस्ती जेवून-खाऊन तयार होते. चाचा वेड्यासारखं बोलत नव्हते. मीच तीन दिवसांत जी काही चार घरटी बसली असतील ती नळाच्या क्लोरीनखाली पिळून काढली होती, आणि उरलीसुरली निळ्या औषधानं मारली. वर मे महिना, पाणी एकतीस डिग्री, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अमोनिया जास्त जहाल होतो. वर पंचावन्न लिटरात पाच गोल्डफिश, जे मुळातच खादाड आणि घाण जास्त करणारे. कुठं कुठं म्हणून बघायचं.

मग चाचांनी एक गोष्ट केली जी मी विसरणार नाही. मागच्या बाजूला त्यांची एक मोठी जुनी टाकी होती, काचा हिरव्या, आत धड दिसतही नव्हतं, मी पहिल्या दिवशी तिच्याकडे बघून नाक मुरडलं होतं. तिच्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक जुना स्पंज फिल्टर वर काढला, काळपट तपकिरी, निथळणारा, एका पिशवीत त्याच टाकीचं पाणी घेतलं आणि त्यात तो स्पंज दोनदा हलकेच दाबला. पिशवीतलं पाणी चहाच्या गाळासारखं झालं. मग ब्लेडनं स्पंजचा हाताएवढा तुकडा कापून त्याच पिशवीत टाकला, गाठ मारली, माझ्या हातात दिली. सुखने मत देना, दो-तीन घंटे में डाल देना. मी पैसे विचारले. ते म्हणाले, "इसका पैसा नहीं लेते."

इसका पैसा नहीं लेते. हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं ते मी सीएसएमटीहून गाडी सुटेपर्यंत आठवत होते. दुपारची स्लो, लेडीज डब्यात खिडकी मिळाली होती, मांडीवर ती तपकिरी पिशवी, समोरची बाई दोनदा बघून शेवटी म्हणाली, काय आहे ओ ते? आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं, विरजण. ती म्हणाली, कसलं? आणि मला भायखळ्याच्या आसपास एकदम चाळीतला आमचा जिना आठवला. विरजणाचे पैसे घेत नाहीत. दही संपलं, शेवटचा चमचा चुकून कुणी खाल्ला, की आई वाटी देऊन मला शेजारी पाठवायची, आणि शेजारच्या काकू वाटीच्या तळाला पुरेल एवढं दही घालून वर म्हणायच्या, झाकून ने. रात्री दहालाही नाही म्हणायच्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांची वाटी आमच्याकडे. कुणाचं दही कुणाच्या घरातून सुरू झालं याचा हिशेबच नव्हता, सगळ्या मजल्याचं दही एकच होतं. आई इथं राहायला आली तेव्हा टेंपोत सामान होतं, आणि तिच्या मांडीवर डब्यात विरजण होतं, मी म्हटलं होतं आई खालीच डेअरी आहे गं. आणि हीच आई, कालचं पाणी ओतणारी, भांड्याची बुळबुळ न चालणारी, कालच्या दह्याचा चमचा मात्र जपून ठेवणारी. म्हणजे तिला माहीत होतं. कालचं काय ओतायचं आणि काय ठेवायचं हे तिला दुधाच्या बाबतीत माहीत होतं. पाण्याच्या बाबतीत तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

घरी आल्यावर आईसमोरच मी तो गाळ त्या टाकीत ओतला. सगळी टाकी गढूळ. आईनं तोंडावर हात ठेवला. मी तिला तेच सांगितलं, विरजण लावलंय. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग आता ढवळू नका."

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. खाणं पहिले तीन दिवस बंद, सईनं डबा स्वतःहून आजीच्या कपाटात ठेवायला दिला. मग दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोनही लावला. रोज बादलीभर पाणी बदलायचं, पंधरा लिटर, जास्त नाही, आणि स्पंज धुवायची वेळ आलीच तर काढलेल्या टाकीच्या पाण्यातच, नळाखाली कधीच नाही. तपासणीचं किट मीही घेतलं. रोज रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी मी, सई आणि आई, नळी धरून उभ्या. सई मोठ्यानं थेंब मोजायची. निळं औषध उतरत गेलं तसा खरा रंग दिसायला लागला, आधी शेवाळी, मग पोपटी, मग एक दिवस कैरीच्या फोडीसारखा, हिरवा की पिवळा यावर तिघींचं भांडण झालं. आणि अमोनिया उतरतोय म्हणेपर्यंत दुसरी नळी, नायट्राइटची, निळी राहायला हवी ती जांभळी व्हायला लागली. मासे परत वर आले, परत तो चप् चप्. चाचांना फोन केला. त्यांनी सांगितलं घाबरू नका, वस्तीतले पहिले आले, दुसरे अजून यायचेत. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त तपकिरी पडतं, ऑक्सिजन वाहून नेत नाही, पाण्यात हवा असून मासा गुदमरतो. त्यावर मीठ, साधं खडे मीठ, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. आईची लोणच्याची तयारी चालू होती, कैऱ्या चिरून पंच्यावर पसरल्या होत्या, तिनं बरणीतलं खडे मीठ काढून दिलं, लिटरला एक ग्रॅम प्रमाणे किचनच्या काट्यावर तोललं, वेगळ्या पातेल्यात विरघळवून हळूहळू ओतलं. दोन तासांनी डोळ्या खाली उतरला. सरळ उतरला, न कलता.

रेड कॅप मात्र त्या रात्री फार वेळ वरच होता. आई त्याच्याजवळ बसली होती. झोप म्हटलं तर म्हणाली, "बसते गं, तसंही पहाटे उठायचंच आहे." सकाळी तिघंही होते.

आता जून संपत आलाय. दोन्ही नळ्या गेल्या आठवड्यापासून जशा हव्यात तशा आहेत, एक पिवळी, एक निळी. खडे निसरडे लागतात हाताला, काचेच्या मागच्या बाजूला हिरवी साय धरलीय आणि मी ती घासलेली नाही. तीन मासेही या टाकीला जास्तच आहेत, मोठे झाले की घेऊन या, मी ठेवीन, असं चाचांनी सांगून ठेवलंय, सईला अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे परत गेले होते, आईनं घातलेलं लोणचं घेऊन. पहिल्या दिवशीच्या माझ्या हसण्याबद्दल काहीतरी बोलावं असं जाताना ठरवलं होतं. ते एका बाईला सांगत होते, आज टंकी लिया ना, तो मच्छी आज नहीं, आणि ती बाई घड्याळ बघत होती. मी तिला म्हटलं, ताई, ऐका त्यांचं. तिनं ऐकलं की नाही माहीत नाही, मला गाडी होती.

पाणी बदलायचं ते रात्रभर बादलीत ठेवलेलं, क्लोरीन उडून जातो, वर अँटिक्लोरीनचे थेंब मोजून. ही बादली आईचीच. पहाटे भरते ती दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहते, वर ताटली झाकलेली असते. परवा मी ऑफिसची तयारी करत होते, बाहेर धो धो पाऊस, नळाला गढूळ पाणी आलं होतं, आणि फडके पिळायला म्हणून कामवाल्या मावशींनी ती बादली उचलली तशी आई गुडघ्यांचं दुखणं विसरून खुर्चीवरून उठली.

"अगं ते ओतू नको बाई, कालचं आहे ते."